रंगीत डायल-फोनचे वय आणि डागडुजी

वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचा ५०० क्रमांकाचा रंगीत फोन हाती आला, तर त्याचे वय ठरवताना केवळ तळावरच्या शिक्क्यावर विसंबू नये. ‘३-५८’ म्हणजे मार्च १९५८, हे खरे. पण कवच, रिसीव्हर, डायल आणि घंटा यांच्यावरील तारखाही त्याच्याशी जुळायला हव्यात, कारण दुरुस्तीत सुटे भाग सर्रास बदलले जात. पन्नासच्या दशकातील बहुतेक कवचे टेनाइट या मऊ प्लॅस्टिकची असतात. ती काळानुसार आक्रसतात आणि घासताना त्यांना आंबूस, स्पष्टच सांगायचे तर ओकारीसारखा, वास येतो. विटलेला थर पाणी लावून बारीक वॉटर पेपरने उतरवावा आणि मगच पॉलिश करावे. नंतरच्या एबीएस या कडक प्लॅस्टिकच्या कवचाचा पिवळेपणा हायड्रोजन पेरॉक्साइडने कमी होतो. अ‍ॅसिटोन मात्र दोन्हींपासून दूर ठेवावे.