नवे ब्रेक पॅड बसवल्यावर येणारा कर्कश आवाज : कारण कसे शोधावे आणि दूर कसे करावे

ब्रेक पॅड बदलल्यावर लगेच चाकातून कर्कश आवाज येऊ लागला की पहिला संशय पॅडच्या दर्जावर घेतला जातो. पॅड निकृष्ट निघण्याची शक्यता असतेच. परंतु पुष्कळदा दोष पॅडमध्ये नसून ते ज्या खाचेत बसवले त्या खाचेत असतो, आणि ती साफ न करता दुसरे महागडे पॅड आणून बसवले तर तोच आवाज त्याच चाकातून पुन्हा ऐकू येतो. म्हणून नवी खरेदी करण्याआधी चाक उघडून जोडणी तपासावी.

पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या डिस्कवर दाबला जातो तेव्हा तो सलग एकसारखा घासत नाही. तो क्षणभर पकडतो, सुटतो आणि पुन्हा पकडतो. ही कंपने सेकंदाला हजाराच्या वर गेली आणि त्यांना आवर घालणारे काही नसले, की डिस्क झांजेसारखी वाजू लागते. पॅड खाचेत सैल असणे, सरकणारे भाग अडकणे आणि पॅड व डिस्क यांचे पृष्ठभाग एकमेकांशी न जुळणे, या तिन्ही गोष्टी अशा कंपनांना वाव देतात.

चाक उघडण्यापूर्वी आवाज नेमका केव्हा येतो हे नीट ऐकून घ्यावे, कारण निम्मे निदान तिथेच होते. रात्रभर दमट हवेत उभी राहिलेली किंवा नुकतीच धुतलेली गाडी पहिले दोन-चार ब्रेक लावताना आवाज करत असेल, तर तो डिस्कवर धरलेल्या पातळ गंजाचा आवाज आहे. तो आपोआप जातो आणि त्यासाठी काही करावे लागत नाही. ब्रेक न लावताही आवाज येत असेल आणि पॅडल हलके दाबताच तो थांबत असेल, तर पॅड सैल आहे किंवा पॅड झिजल्याची सूचना देणारी पत्र्याची पट्टी डिस्कला टेकते आहे. पॅडल दाबले तरी न बदलणारी बारीक खरखर बहुधा डिस्कमागच्या पातळ पत्र्याची असते. काम करताना त्याला धक्का लागून तो वाकतो, आणि हाताने बाहेर ओढला की काम होते. कमी वेगात हलका ब्रेक लावताना येणारी लांब, तीक्ष्ण शीळ मात्र खऱ्या कंपनाची असते. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा जाड आवाज आल्यास गाडी पुढे चालवू नये.

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून दुसऱ्या टोकाच्या चाकांना अडण लावावी, आणि केवळ जॅकच्या भरवशावर न राहता गाडीचे वजन स्टँडवर घ्यावे. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये किंवा कोरड्या ब्रशने झटकू नये, कारण काही जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि इतर धूळही फुप्फुसांना अपायकारकच असते. मास्क लावून ती ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी. कॅलिपर, म्हणजे आतल्या पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सोडवल्यावर तो रबरी होजवर लोंबकळत न ठेवता तारेने वर बांधावा.

आता पॅड ब्रॅकेटमध्ये, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या खाचांच्या चौकटीत, असतानाच तो बोटांनी पुढे-मागे सरकवून पाहावा. या एका चाचणीला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. पॅड बोटाच्या साध्या दाबाने सरकला पाहिजे आणि तरीही वर-खाली खडखडता कामा नये. तो हातोडीने ठोकून बसवावा लागला असेल, तर ब्रेक सोडल्यावर तो डिस्कपासून मोकळा होणार नाही, सतत घासत राहील, तापेल आणि वाजेल. पॅड अडकण्याचे कारण सहसा डोळ्यांआड असते : खाचेतील स्टीलच्या क्लिपा काढल्या की त्यांच्याखाली तपकिरी, पापुद्र्यांचा गंज फुगलेला दिसतो, आणि तोच क्लिपेला आत रेटून खाच अरुंद करतो. तारेच्या ब्रशने आणि गरज पडल्यास बारीक कानशीने तो मूळ धातूपर्यंत साफ करावा. काही पॅडच्या पाठीच्या पट्टीवर रंगाचा जाड थर असतो. पट्टीच्या टोकांवरचा तेवढा रंगच घासून काढावा, धातू कापू नये. क्लिपा मात्र नव्याच घालाव्यात, कारण जुन्या क्लिपांचा ताण गेलेला असतो आणि त्यांच्यामुळे पॅड खाचेत सैल राहतो.

पॅडच्या पाठीवरची शिम, म्हणजे रबराचा किंवा चिकट पदार्थाचा थर असलेला पातळ पत्रा, कंपने शोषून घेते. ती जुन्या पॅडसोबत फेकली गेली असेल तर आवाजाचे कारण बहुधा सापडले. एकावर एक दोन शिमा मात्र घालू नयेत. आतला आणि बाहेरचा पॅड यांची अदलाबदल झालेली नाही ना, आणि पॅडवर बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना डिस्क ज्या दिशेने फिरते त्याच दिशेला आहे ना, हेही पाहावे.

ब्रेकसाठीचे उच्च तापमान सोसणारे ग्रीस पट्टीच्या टोकांना आणि पाठीवर पिस्टन व कॅलिपर जिथे टेकतात तिथे अगदी पातळ लावावे. घर्षणाच्या बाजूला त्याचा डागही लागता कामा नये. कॅलिपरच्या सरकत्या पिना बाहेर काढून पुसाव्यात आणि त्यांना रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस लावावे. साध्या पेट्रोलियम ग्रीसने रबरी बूट फुगतात आणि पिन जाम होते. दोन पिनांपैकी एकीवर रबरी नळी असेल तर त्या वर-खाली बदलू नयेत. पिस्टन क्लँपने संथपणे आत ढकलताना टाकीतील ब्रेक ऑइल वर येते, ते सांडल्यास गाडीचा रंग जातो. म्हणून टाकीवर लक्ष ठेवावे. मागच्या चाकांचे काही पिस्टन फिरवूनच आत जातात, आणि इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाड्यांत आधी सर्व्हिस मोड, म्हणजे ब्रेकच्या दुरुस्तीसाठीची सेटिंग, चालू करावा लागतो. तिथे बळ वापरल्यास मोटर निकामी होते.

डिस्ककडे पाहताना बाहेरच्या कडेला उभी राहिलेली कड बोटाने चाचपावी. नव्या पॅडचा काठ तिला टेकत असेल, तर डिस्क तासून घ्यावी किंवा बदलावी. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असेल तर बदलण्याला पर्याय नाही. पृष्ठभाग गुळगुळीत चकाकत असेल तर 120 ते 150 नंबरच्या पॉलिश पेपरने तो निरनिराळ्या दिशांनी घासून चकाकी मोडावी आणि ब्रेक क्लीनरने धुवावा. नव्या डिस्कवरचे संरक्षक तेलही असेच धुवावे लागते. पॅडमध्ये तेल किंवा ग्रीस मुरले असेल तर घासून किंवा भाजून ते वाचत नाहीत. ते बदलावेत आणि गळतीचे मूळ शोधावे.

सर्व बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, म्हणजे तितक्याच पिळाच्या जोराने, आवळावेत आणि गाडी हलवण्यापूर्वी पॅडल घट्ट लागेपर्यंत ते अनेकदा दाबावे. ही पायरी चुकली तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

यानंतर पॅड आणि डिस्क यांचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळवून घेण्याचे काम उरते. पॅडच्या उत्पादकाने स्वतःची पद्धत दिली असेल तर तीच पाळावी. नसेल तर मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरवरून 10 किलोमीटरपर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवावा, आणि मध्ये अर्धा मिनिट गाडी चालू ठेवून हे आठ-दहा वेळा करावे. पॅडच्या पदार्थाचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर चढावा हा यामागचा हेतू आहे. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवली तर तो थर एकाच जागी साचतो आणि पुढे पॅडल थरथरते. शेवटी काही मिनिटे ब्रेक जवळपास न वापरता गाडी चालवून डिस्क निवू द्यावी, आणि पुढचे 300 किलोमीटर जोराचे ब्रेक शक्यतो टाळावेत. या काळातली अधूनमधूनची शीळ दोष समजू नये.

इतके करूनही शीळ टिकून राहिली आणि पॅडल घट्ट असून गाडी एका बाजूला ओढत नसेल, तेव्हा पॅडच्या पदार्थाचा विचार करावा. धातूचे प्रमाण अधिक असलेले पॅड उष्णता चांगली सोसतात, पण जास्त वाजतात. रोजच्या साध्या वापराच्या गाडीसाठी सिरॅमिक पॅड सहसा शांत ठरतात.