कामावरून लागलेला ताप आणि भरपाईचा अर्ज : या चुका टाळा

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या राईस मिलमधल्या मजुरांचे भरपाईचे अर्ज मी लिहून देतो. बोट पट्ट्यात गेलं तर ते कामावरच गेलं, हे मालकही मानतो. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप झाला, की मात्र 'हा रोग कामाचा कशावरून?' असं विचारतात, आणि आपल्याकडे दाखवायला कागद नसतो.

सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे डॉक्टरला काम न सांगणं. उकडा तांदूळ काढणाऱ्या एका मिलमधला भाऊ मार्चमध्ये धान भिजवायच्या हौदात अनवाणी उतरून गाळ काढत होता. टाचांना भेगा. आठ-दहा दिवसांनी ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल, मग कावीळ. दवाखान्यात धंदा विचारला, तर घरच्यांनी 'शेती' सांगितलं. दीड एकर धानाची बांधी आहे ना! केस पेपरवर तेच चढलं. पुढं मालकाचा वकील म्हणाला, रोग स्वतःच्या बांधीतला आहे.

'वहिनी, मिलचं काहून नाही सांगतलं?'

'मले का माहीत भाऊ, थेबी लिवा लागते म्हणून.'

शेवटी सातबारा काढला. उन्हाळी धानाची नोंद नव्हती, म्हणजे मार्चमध्ये त्या बांधीत पाणी नव्हतं, नुसती ढेकळं होती. त्यावर बाजू सावरली, पण वर्ष गेलं आणि घरातली बैलजोडी गेली. म्हणून माझा हट्ट असतो : डॉक्टरसमोर पहिलं वाक्य कामाचं बोला. 'मिलमध्ये हौदावर असतो, उंदीर फार आहेत.' ते लिहिलं का बघा, तिथंच मोबाईलवर फोटो काढा. आणि आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे धावू नका. या घाईनं माणसं दगावलेली आहेत. रक्ताची तपासणी सुरुवातीच्या दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. डॉक्टर परत करा म्हणाले तर पैशाकडे बघून टाळू नका.

'मी तर महिनाभरच कामावर होतो' म्हणून घरी बसणं ही दुसरी चूक. 1923 च्या भरपाई कायद्यातल्या तिसऱ्या अनुसूचीच्या, म्हणजे कामामुळे होणाऱ्या रोगांच्या यादीच्या, भाग अ मध्ये, जनावरांमुळे दूषित झालेला माल हाताळताना होणारे संसर्गजन्य रोग आहेत. उंदरांनी नासवलेलं धान आणखी काय असतं? सहा महिने सलग नोकरीची अट भाग ब च्या रोगांना आहे, भाग अ ला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, तरी तिसरी अनुसूची तिथंही आहे.

रोख घेऊन स्टॅम्पपेपरवर अंगठा देणं, हे तर मला बघवत नाही. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्यात टिकत नाही, पण तो कागद बघून आपलाच माणूस गप्प बसतो. दहा हजारांसाठी घाई करू नका.

ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड असेल तर अर्ज तिकडेच.

ठेकेदार पळाला तरी मिलमालकावर दावा लागतो.

मुदत दोन वर्षांची. ती आजारामुळे सलग गैरहजर राहिल्याच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून हजेरी रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो आजारी पडल्याच्या आठवड्यातच काढून घ्या. नंतर ते पान सापडत नाही.