महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती: अर्जाआधीची आणि अर्जानंतरची कामे

महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती-अनुदान पोर्टलवरील अर्ज एका बैठकीत भरून होतो; शिष्यवृत्ती रखडते ती त्याआधीच्या कागदपत्रांत किंवा नंतरच्या पाठपुराव्यात. म्हणून प्रवेशयादीची वाट न पाहता बारावीची परीक्षा संपताच उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र आपले सरकार सेवा केंद्रातून काढून ठेवावे, कारण निकालानंतर तेथे झुंबड उडते. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे असल्यास जातीच्या दाखल्याच्या पडताळणीचा, म्हणजे जात वैधतेचा, प्रस्ताव अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत दाखल करावा. वडील, आत्या किंवा चुलते यांच्यापैकी कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल, तर त्याची प्रत जोडल्याने काम बरेच हलके होते.

योजना निवडताना प्रवर्ग आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकत्र पाहावे. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २.५ लाख रुपये आहे. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ८ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास मिळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि इतर मागास प्रवर्गातील ज्या मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, त्यांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून याच मर्यादेत पूर्ण माफ आहे.

सर्वाधिक घोळ बँक खात्याचा होतो. केवायसीसाठी आधार दिले म्हणजे खाते अनुदानासाठी जोडले गेले, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यासाठी बँकेत आधार सीडिंगचा स्वतंत्र अर्ज द्यावा लागतो, आणि एका वेळी एकच खाते असे जोडलेले राहते. मध्यंतरी मोबाइलवरून दुसरे खाते उघडताना नकळत संमती दिली गेली असेल, तर पैसे त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडतात. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडून बँकेचे नाव व खाते चालू असल्याची नोंद पाहावी. आधार आणि गुणपत्रिका यांवरील नावांत फरक असल्यास तोही याच वेळी दुरुस्त करून घ्यावा.

अर्ज सादर झाला की तो प्रथम महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो आणि तेथील शिष्यवृत्ती लिपिकाने पडताळल्यानंतरच पुढे विभागाकडे सरकतो. त्रुटी निघाल्यास अर्ज ‘सेंड बॅक’ होऊन विद्यार्थ्याकडे परत येतो. एसएमएसवर विसंबून न राहता दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहावी, आणि अर्ज दीर्घकाळ महाविद्यालयाच्याच पातळीवर दिसत असेल, तर छापील प्रत घेऊन लिपिकाला प्रत्यक्ष भेटावे. माझ्या मते फोनपेक्षा या भेटीने काम लवकर होते.

शुल्क सुटले तरी शहरातील राहण्या-जेवण्याचा खर्च उरतो, आणि शिक्षण अर्धवट सुटण्याला बरेचदा तोच कारण ठरतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी स्वाधार योजनेचा अर्ज करावा. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये आहे. अनुसूचित जमातींसाठी अशीच स्वयम् योजना आहे. वसतिगृहाचा अर्ज आधी केलेला असावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.

दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती आपोआप सुरू राहत नाही. प्रत्येक वर्षी नूतनीकरणाचा अर्ज मागील वर्षाच्या गुणपत्रिकेसह करावा लागतो आणि हजेरीही पाहिली जाते. निकाल उशिरा लागला, तरी पोर्टलची मुदत संपण्यापूर्वी महाविद्यालयाकडे लेखी विचारणा करावी.