परीक्षणात ‘चलाखी’ लिहिताना

‘दिग्दर्शकाची चलाखी जाणवते.’ स्पर्धेतल्या नाटकांवरच्या परीक्षणांत हे वाक्य मला सारखं भेटतं. ही शाबासकी की टपली, हे त्या बिचाऱ्या दिग्दर्शकालाही समजत नाही. गोव्यात फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात किंवा देवळाच्या उत्सवी नाटकाला वही घेऊन बसणाऱ्या नव्या मुलामुलींना माझं सांगणं आहे, हा शब्द जरूर वापरा, पण आधी युक्ती काय होती ते लिहा.

समजा, रंगमंचावर एकच शिडी आहे. पहिल्या प्रवेशात ती माळ्याला टेकलेली, दुसऱ्यात आडवी पडून होडी झालेली, शेवटी तिचीच तिरडी. ‘कल्पक नेपथ्य’ एवढं लिहून थांबू नका. मनातल्या मनात शिडी काढून पाहा. होडीच्या प्रवेशात ती नसली तरी काही बिघडत नाही. नट नुसते वल्हवत बसले तरी चालेल. शेवटी मात्र ज्या शिडीवरून बाप पडला तीच मुलगे खांद्यावर घेतात. इथे शिडी काढली तर गोष्टच लंगडी होते. या दोन जागा परीक्षणात वेगवेगळ्या सांगा. पहिलीवर टाळ्या पडल्या असतील, तेही नोंदवा.

चमत्कृतीला कमी लेखायची आपली सवय फार जुनी आहे. अकराव्या शतकात मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्याच्या तीन पायऱ्या केल्या आणि शब्दांच्या करामतीचं चित्रकाव्य सगळ्यांत खाली बसवलं. तो निवाडा डोळे मिटून उचलू नका. मोरोपंतांचं निरोष्ठ रामायण घ्या. त्यात ओठाला ओठ लागणारं अक्षर नाही, म्हणजे रामकथा ‘राम’ न उच्चारता सांगायची! त्यावर लिहायचं तर आधी बंधन सांगा, मग त्यापायी कवीला काय सोडावं लागलं आणि काय नवं सापडलं ते एखादी ओळ समोर ठेवून दाखवा. ‘निव्वळ कसरत’ म्हणायचा अधिकार त्यानंतरचा.

इंग्रजीतही हेच घडलं. १७७९ मध्ये टीकाकार सॅम्युअल जॉन्सनने सतराव्या शतकातल्या डन, काउली यांच्या परंपरेतल्या कवींना दोष दिला की ते विजोड कल्पना बळजबरीने एकत्र जुंपतात. १९२१ मध्ये कवी आणि टीकाकार टी. एस. एलियटने त्याच परंपरेची बाजू घेतली: डनला विचार हाच अनुभव होता. कविता त्याच होत्या, टीकाकाराच्या अपेक्षा बदलल्या. म्हणून तुमची अपेक्षा काय होती, ते परीक्षणात उघड लिहा. वाचकाला मग तुमच्याशी भांडता येतं.

‘हुशार आहे, पण हृदयाला भिडत नाही’ या वाक्यावर माझा खरा राग आहे. कुठला प्रवेश भिडला नाही? आई आणि लेक समोरासमोर आल्या तेव्हा लेखकाने कोटी करून त्यांचं बोलणं तोडलं का? मग ती कोटी जशीच्या तशी उतरवून घ्या आणि तिच्या आधी रंगमंचावर किती शांतता होती तेही लिहा.

‘लेखकाला हुशारी मिरवायची आहे’ हे तर खोडाच. त्याच्या मनातलं आपल्याला दिसत नाही. संवाद दिसतो, नटाची पाठ दिसते, प्रकाश कधी गेला ते दिसतं. अंधारात वहीत हेच टिपा, आणि घरी जाऊन लिहायला बसलात की विशेषण सगळ्यांत शेवटी घाला.