जर्मनीत घर बांधताय? फरशीखालचा पाइप आधी बघा

भाड्याच्या घरात एखाद-दुसरा हिवाळा काढून आता स्वतःचं घर बांधायला घेतलं असेल, तर स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांआधी फरशीखालच्या हीटिंगचा पाइप ठरवा. ट्रॉल्या कधीही बदलता येतात. पाइप मात्र एकदा कोब्यात गाडला, की जमीन फोडल्याशिवाय हाती लागत नाही.

बिल्डर बहुधा तीन प्रकार सुचवतो: पेक्स, पीई-आरटी (हे दोन्ही प्लास्टिकचे), किंवा मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेला. यावर फार डोकं शिणवू नका. हीट पंपावर, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणाऱ्या यंत्रावर, पाइपांत पाणी साधारण ३५ अंशांचंच फिरतं, तेवढ्याला तिन्ही पुरून उरतात.

डोळ्यांत तेल घालून बघायचा तो ऑक्सिजन अडवणारा थर. नुसत्या प्लास्टिकमधून हवेतला ऑक्सिजन हळूहळू पाण्यात शिरतो, मग बॉयलर-पंपाचे लोखंडी भाग गंजतात आणि काळा गाळ साचत जातो. पाइपाची गुंडाळी साइटवर आली की त्यावर ‘डीआयएन ४७२६’ (या थरासाठीचं जर्मन मानक) छापलंय का, ते स्वतः वाचा. कोटेशनवर विसंबू नका.

जुनं घर घेणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. १९७०-८०च्या दशकांतल्या बऱ्याच पाइपांना हा थर नाही. घर बघायला जाल तेव्हा फेरटायलरमधून, म्हणजे जिथून पाइपाच्या सगळ्या लूप (वेटोळी) निघतात तिथून, बाटलीभर पाणी काढून दाखवायला सांगा. काळं-गढूळ आलं, तर भावाचं बोलण्याआधी हीटिंगच्या जाणकाराला दाखवा. बॉयलरचं आणि फरशीखालचं पाणी वेगळं ठेवणारा हीट एक्सचेंजर मध्ये टाकून बॉयलर वाचवता येतो, पण तो खर्च किमतीत धरायला हवा.

नव्या घरात १६ मिमीचा पाइप असेल तर एक लूप १०० मीटरच्या आत ठेवा. हीट पंप असेल तर दोन पाइपांमध्ये १० सेंमी अंतर मागा, बाथरूममध्ये तर नक्कीच. कोब्याखाली जोड नको, प्रत्येक लूप अखंड पाइपाची हवी. कोबा ओतताना पाइपांत दाब धरलेला असू द्या, म्हणजे कुणाचं फावडं लागलं तर लगेच कळतं. आणि ओतण्याआधी प्रत्येक खोलीत भिंतीपासून टेप लावून फोटो काढा. पुढे दाराचा स्टॉपर बसवताना ड्रिल कुठे मारायचं, ते त्यावरूनच कळेल.

सिमेंटच्या कोब्याला पहिल्यांदा गरम करण्याआधी २१ दिवस द्यावे लागतात, आणि फरशी त्यानंतर. वास्तुशांतीचा मुहूर्त तेवढा पुढचा काढा.