ऑर्डरचं स्टेटस बदललं की मेल: एसक्यूएलअल्केमीत हे कुठे लिहायचं

ऑर्डर रद्द झाली की ग्राहकाला मेल जायला हवा, काम एवढंच होतं. डेटाबेससाठी एसक्यूएलअल्केमी ही पायथनची लायब्ररी वापरत होतो. मी ‘स्टेटस’ या अ‍ॅट्रिब्यूटवर ‘सेट’ इव्हेंटचा लिसनर (व्हॅल्यू बदलताना आपोआप चालणारं फंक्शन) लावला आणि मेल तिथूनच पाठवला. काही दिवसांनी एका ग्राहकाचा फोन आला: मेल रद्दचा आलाय, पण ऑर्डर तर चालूच दिसते. फ्लशच्या वेळी, म्हणजे बदल डेटाबेसकडे पाठवताना, दुसऱ्याच कॉलमवर एरर आली होती, ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं होतं (सगळे बदल मागे घेतले गेले होते) आणि मेल तेवढा निघून गेला होता.

‘सेट’चा अर्थ इतकाच, की पायथनच्या ऑब्जेक्टमध्ये नवी व्हॅल्यू बसतेय. डेटाबेसला त्याचा अजून पत्ताही नसतो. म्हणून तिथे फक्त हलकी कामं करा: मोबाइल नंबरमधल्या स्पेस काढणं, चुकीचं स्टेटस आलं तर एक्सेप्शन टाकणं. त्यासाठी ‘व्हॅलिडेट्स’ हा डेकोरेटर सोपा पडतो. फक्त शेवटी व्हॅल्यू रिटर्न करायला विसरू नका, नाहीतर कॉलममध्ये गुपचूप ‘नन’ जाऊन बसतं.

लिसनरला ऑब्जेक्ट, नवी व्हॅल्यू, जुनी व्हॅल्यू आणि इनिशिएटर (बदल कुठून सुरू झाला त्याची खूण) मिळतात. नवी आणि जुनी सारखीच असली तरी लिसनर चालतो, तेव्हा तुलना आपणच करायची. आणि जुनी व्हॅल्यू मिळेलच असं नाही. कमिटनंतर, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये पक्के झाल्यावर, ऑब्जेक्ट एक्सपायर होतात: त्यांच्यातल्या व्हॅल्यू टाकून दिल्या जातात. त्यानंतर न वाचताच थेट नवी व्हॅल्यू घातली, तर जुनीच्या जागी ‘नो व्हॅल्यू’ नावाची खूण येते. जुनी व्हॅल्यू ‘रद्द’पेक्षा वेगळी आहे का, एवढंच मी तपासत होतो आणि या खुणेमुळे ती अट दर वेळी खरी ठरत होती. लिसनर लावताना ‘अ‍ॅक्टिव्ह हिस्टरी’ ट्रू केली की जुनी व्हॅल्यू आधी डेटाबेसमधून आणली जाते. त्यापायी एखादी जादा क्वेरी होते, म्हणून गरज असेल त्याच कॉलमवर हे करा.

मेलचं काम आता मी सेशनच्या (ऑब्जेक्टमधले बदल गोळा करून डेटाबेसला देणारा भाग) ‘बिफोर फ्लश’ या इव्हेंटमध्ये करतो. ‘डर्टी’ यादीतले, म्हणजे बदललेले, ऑब्जेक्ट घेतो, ‘इन्स्पेक्ट’ करून स्टेटसची हिस्टरी पाहतो: ‘डिलीटेड’मध्ये जुनी व्हॅल्यू, ‘अ‍ॅडेड’मध्ये नवी. फ्लश झाला की ही हिस्टरी पुसली जाते, म्हणून नंतर बघू म्हणून चालत नाही. खरंच रद्द झालं असेल तर ‘पाठवायचे मेल’ या टेबलात एक ओळ त्याच सेशनमध्ये अ‍ॅड करतो. रोलबॅक झालं तर ती ओळही जाते. मेल ते टेबल वाचणारा वेगळा वर्कर (मागे चालणारा प्रोग्रॅम) पाठवतो. ‘आफ्टर कमिट’मधून थेट पाठवून पाहिलं होतं, पण तिथे सेशनवर क्वेरी चालत नाही आणि नेमकी त्याच क्षणी प्रोसेस मेली तर मेल कायमचा राहून जातो.

जेसन कॉलमची, म्हणजे ज्यात अख्खी डिक्शनरी साठवता येते त्या कॉलमची, गोष्ट निराळी. डिक्शनरीच्या आतली एक की बदलली तर एसक्यूएलअल्केमीला ते कळतच नाही, बदल सेव्हही होत नाही. कॉलमचा टाइप ‘म्यूटेबल डिक्ट’मध्ये गुंडाळा. मात्र तो वरच्या पातळीपुरताच आहे. आतल्या डिक्शनरीत बदल केला तर पूर्ण व्हॅल्यू नव्याने असाइन करा.

आणि बल्क अपडेट, म्हणजे एकाच क्वेरीने अनेक ओळी बदलणं. क्वेरीवर थेट ‘अपडेट’ चालवलं की अ‍ॅट्रिब्यूटचे लिसनर चालत नाहीत, ‘बिफोर फ्लश’लाही त्या ओळी दिसत नाहीत. कोडमध्ये अशा सगळ्या जागा शोधून काढा आणि जिथे स्टेटस बदलतंय तिथे मेलच्या टेबलातली ओळ हाताने घाला.