ताजगंजात स्वस्तात मुक्काम कसा करावा

बहुतेक मराठी मंडळी ताजमहाल दिल्लीहून एका दिवसात उरकतात. पहाटे गाडी, अकराच्या उन्हात रांग, फोटो, पेठा आणि संध्याकाळी मथुरा. त्यात ताज दिसतो, पण ऐन गर्दीत दिसतो. ताजची दारं सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतात. त्या वेळेला तिथे हजर राहायचं तर रात्र आग्र्यातच काढायला हवी, आणि त्यासाठी मोठं हॉटेल मुळीच लागत नाही. ताजच्या दक्षिणेला लागूनच ताजगंज आहे. तिथल्या गल्ल्यांत साधी गेस्ट हाउसं दाटीवाटीनं उभी आहेत आणि हंगाम नसेल तेव्हा दोघांची साधी खोली हजाराच्या आतबाहेर मिळून जाते.

ही वस्ती ताजइतकीच जुनी. शाहजहाननं मकबऱ्याच्या आराखड्यातच बाजार आणि सराया धरल्या होत्या. वस्तीचं नाव मुमताजाबाद, आणि तिथलं उत्पन्न मकबऱ्याच्या देखभालीला लावलेलं. कटरा फुलेल, कटरा रेशम, कटरा उमर खान, कटरा जोगीदास ही त्या चार सरायांच्या जागांची नावं आजही पत्त्यात चालतात. थोडक्यात, तुम्ही भावाची घासाघीस करणार ती पावणेचारशे वर्षं वाटसरूंना खोल्या देत आलेल्या मोहल्ल्याशी. तयारीनं जा.

१. आधी वार, मग खोली

शुक्रवारी ताज बंद असतो. त्यामुळे गुरुवारची रात्र ताजगंजात काढणं म्हणजे भाडं भरून बंद दाराशी झोपणं. मुंबईहून पंजाब मेलनं निघालात तर आग्रा कँटला दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोहोचता, म्हणजे त्या दिवशी ताज धरूच नका; त्याच्या पुढची पहाट शुक्रवार नाही ना, एवढं पाहून तिकीट काढा.

फेब्रुवारीत आणखी एक गोम आहे. १८ ते २७ फेब्रुवारीला शिल्पग्रामात ताज महोत्सव भरतो, आणि शिल्पग्राम म्हणजे पूर्व दरवाज्याच्या वाटेवरच. त्यात १९ तारखेला शिवजयंती, आणि आग्रा म्हटल्यावर महाराष्ट्रातून माणसं येणारच. या दिवसांत खोल्या लवकर भरतात आणि भाव चढतात. महोत्सव बघायचाच नसेल तर महिन्याचा पहिला पंधरवडा बरा. डिसेंबरअखेर ते जानेवारी थंडी छान, पण धुकं इतकं दाट पडतं की पहाटे चबुतऱ्याखाली उभं राहूनही घुमट दिसत नाही. मे-जूनमध्ये संगमरवर तापतो आणि स्वस्त खोलीतला कूलर फक्त आवाज करतो. माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर.

२. नकाशावर दरवाजा बघा

ताजला दक्षिण, पूर्व आणि पश्चिम असे तीन दरवाजे. ताजगंजातली बरीच गेस्ट हाउसं दक्षिण दरवाज्याच्या गल्लीत आहेत आणि 'ताजच्या दारात' अशी जाहिरात करतात. ते खोटं नाही, पण दक्षिणेकडून आत सोडणं २०१८ पासून बंद आहे. म्हणजे दारासमोर राहूनही तुम्हाला पूर्व किंवा पश्चिम दरवाज्यापर्यंत चालावं लागतं. चालणं फार नाही, गुडघे दुखत असतील तर मात्र हिशेबात धरा. बरोबर वयस्कर आई-वडील असतील तर सरळ पूर्व किंवा पश्चिम दरवाज्याच्या बाजूचीच खोली शोधा.

३. 'ताज व्ह्यू'चे पैसे देऊ नका

बहुतेकांचे पैसे इथेच जातात. 'ताज व्ह्यू रूम' म्हणून साध्या खोलीच्या दीडपट-दुप्पट भाव सांगतात. खिडकीतून दिसतं काय, तर शेजारच्या पाण्याच्या टाक्या, तारा, मधला मोठा प्रवेशद्वाराचा दरवाजा, आणि त्याच्या वर डोकावणारा घुमट. अंधार पडला की तेवढंही नाही, कारण ताजवर रात्री दिवे सोडत नाहीत. रोषणाईत न्हालेला ताज बघत जेवायचं स्वप्न घेऊन गेलेली माणसं काळ्या आकाशाकडे बघत पनीर खातात.

दृश्य हवंच असेल तर ते गच्चीवर फुकट असतं. जवळपास प्रत्येक गेस्ट हाउसच्या गच्चीवर खाणावळ असते आणि एका चहाच्या मोबदल्यात तासभर बसता येतं. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी वर जा. अपवाद पौर्णिमेच्या आसपासचा. तेव्हा चांदण्यात घुमट खरंच उजळतो. त्या काळात पौर्णिमा, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन अशा पाच रात्री ताज बघायलाही सोडतात, अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत. शुक्रवार आणि रमजानचा महिना मात्र वगळून. त्याचं तिकीट आदल्या दिवशीच काढावं लागतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं कार्यालय आग्र्याच्या मॉल रोडवर आहे. तेव्हा पौर्णिमा साधायची तर दोन रात्रींचा मुक्काम धरा.

४. फोन करा

ॲपवर खोली बघा, पण पैसे भरण्याआधी गेस्ट हाउसला फोन करा. विचारायचं ते असं: टॅक्स धरून किती? खोलीला रस्त्याकडे किंवा मोकळ्याकडे उघडणारी खिडकी आहे का? ताजगंजात 'खिडकी' जिन्याकडेही उघडते. गरम पाणी गीझरचं की बादलीतून? वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त पंखा चालतो की एसीही? पहाटे पाचला मुख्य दार उघडून कोण देणार? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि नेमका तोच महत्त्वाचा. दाराला कुलूप लावून पोऱ्या काउंटरखाली गाढ झोपलेला असतो.

आपलं हिंदी कसंही असो, 'भाईसाब' म्हणून सुरुवात करा आणि जो भाव ठरेल तो व्हॉट्सॲपवर लिहून मागवा.

अविवाहित जोडप्याला खोली देऊ नये असा कायदा नाही, पण मालक नाही म्हणू शकतो. दारात वाद घालण्यापेक्षा फोनवरच विचारून टाकलेलं बरं. परदेशी पासपोर्टवाली नातवंडं किंवा पाहुणे बरोबर असतील तर तेही आधी सांगा. त्यांच्यासाठी गेस्ट हाउसला 'फॉर्म सी' (परदेशी पाहुण्याची सरकारदरबारी नोंद) भरावा लागतो आणि लहान जागांपैकी काही त्या भानगडीत पडत नाहीत. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असेल तर ते जवळ ठेवाच. ते दाखवलं की ताजचं तिकीट भारतीयांच्या दरानं मिळतं. परदेशी दर अकराशे रुपये आहे, म्हणजे एका कार्डावर एका रात्रीचं भाडं निघालं.

५. स्टेशनवरून खोलीपर्यंत

आग्रा कँटहून ताजगंज साधारण सहा किलोमीटर. रिक्षावाल्याला गेस्ट हाउसचं नाव सांगू नका, दरवाज्याचं सांगा: 'पश्चिमी गेट' किंवा 'पूर्वी गेट'. नाव सांगितलंत की 'वो तो बंद हो गया, उससे अच्छा दिखाता हूँ' सुरू होतं, कारण पाहुणा नेऊन सोडला की त्याला कमिशन मिळतं आणि ते तुमच्याच भाड्यात चढतं.

ताजपासून पाचशे मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना मनाई आहे. सवलत आहे ती तिथल्या रहिवाशांना. तुम्हाला अडथळ्यापाशी उतरून ई-रिक्षा घ्यावी लागते किंवा चालावं लागतं. चाकांची मोठी बॅग त्या फरसबंदीवर आणि गटाराकडेच्या गल्लीत वैताग आणते. पाठीवरची सॅक उत्तम. उतरल्या उतरल्या 'लपके' गाठतील. आग्र्यात गिऱ्हाईक पकडणाऱ्या दलालांना लपका म्हणतात. थांबून 'नको' म्हणत बसू नका, चालत राहा. फोनवर नकाशा उघडा, नाहीतर सरळ गेस्ट हाउसवाल्याला सांगा, तो अडथळ्यापर्यंत पोऱ्या पाठवतो.

६. पैसे देण्याआधी खोली बघा

आधी काउंटरवरचं भलंमोठं रजिस्टर पुढे सरकवलं जातं. नाव, कुठून आलात, कुठे जाणार, सही. ओळखपत्राची प्रत मागतात. आधार देणार असाल तर शेवटचे चार आकडेच दिसणारी 'मास्क्ड' प्रत घरूनच छापून न्या. मूळ कार्ड ठेवून घेऊ देऊ नका.

मग किल्ली मागा आणि वर जा. नळ सोडून गरम पाणी येतं का बघा, येईपर्यंत उभे राहा. उशी उचलून चादर खालपर्यंत बघा. स्वच्छ नसेल तर बदलून मागा, हे लोक नाही म्हणत नाहीत. दाराची कडी आतून नीट बसते का तपासा. आपलं कुलूप बरोबर असेल तर बाहेरून तेच लावा. खोली पसंत नसेल तर दुसरी दाखवा म्हणावं. पहिली दाखवतात ती बहुधा सगळ्यात न खपणारी असते.

७. गच्ची आणि माकडं

ताजगंजाच्या गच्च्यांवर खरं राज्य माकडांचं. म्हणून खाणावळींना जाळ्या बसवलेल्या असतात आणि कोपऱ्यात काठी किंवा गलोल घेतलेला एक पोरगा असतो. धुतलेले कपडे गच्चीवर वाळत घालू नका, खोलीची खिडकी उघडी टाकून जाऊ नका, आणि बिस्किटाचा पुडा हातात धरून फोटो काढायला तर अजिबात उभं राहू नका. माकड समोर आलंच तर डोळ्याला डोळा न भिडवता बाजूला सरका. ते पुड्यासाठी आलेलं असतं, पुडा सोडून द्या.

जेवण गच्चीवरचं ठीकठाक असतं, दर पर्यटकांचे. सकाळचा नाश्ता मात्र भाड्यात धरू नका. आग्र्याची सकाळ बेढई आणि जिलेबीची: डाळीचं सारण भरलेली खुसखुशीत पुरी, तिखट बटाट्याची पातळ भाजी, शेजारी गरम जिलेबी. ताज बघून आल्यावर बाहेर पडून हलवायाच्या दुकानात उभ्यानं खा. उशीर केलात तर संपते.

८. पहाट

तिकीट आदल्या रात्रीच ऑनलाइन काढून ठेवा. भारतीयांना पन्नास रुपये, मुख्य मकबऱ्यात जायचे आणखी दोनशे, पंधरा वर्षांखालच्यांना फुकट. आत तीन तास थांबता येतं. खिशात मोबाइल, पाण्याची बाटली, ओळखपत्र, बास. खाण्याचे पदार्थ, लायटर, ट्रायपॉड, मोठी बॅग सगळं खोलीवर. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबीसुद्धा! तपासणीच्या रांगेत काकांच्या खिशातून ती निघते आणि मागचे शंभर जण खोळंबतात. जवळ खोली असण्याचा खरा फायदा हाच: लॉकर शोधायला नको, चालत येऊन चालत परत.

धुकं असेल तर हट्ट करू नका. गच्चीवर जाऊन बघा, घुमट दिसत नसेल तर परत झोपा आणि नऊ-दहाला जा.

९. निघताना

चेक-आउट बहुतेक ठिकाणी दहा ते बाराला. तेवढ्यात अंघोळ करून सामान काउंटरवर ठेवायला सांगा. हे बहुधा फुकट होतं, बॅगेला मात्र कुलूप लावा. बिलात गच्चीवरचे चहा किती लावलेत ते मोजून घ्या. संगमरवराची पेटी 'फॅक्टरी'तून घ्या म्हणून कुणी मागे लागलं तर लक्षात ठेवा, स्वस्त वस्तू बहुतेक मऊ सोपस्टोनच्या असतात. नखानं ओरखडा उठला की समजायचं.

रिकाम्या हातानं मग लाल किल्ला बघा. ताजमहाल स्टेशनवरून मेट्रोनं आग्रा फोर्टला उतरता येतं. किल्ल्यासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. मे १६६६ मध्ये महाराज याच शहरात औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले आणि ऑगस्टमध्ये पहारा चुकवून निसटले. किल्ला शुक्रवारीही उघडा असतो.

सामान उचलण्याआधी रेल्वेचं तिकीट पुन्हा एकदा काढून वाचा. आग्रा कँट, आग्रा फोर्ट, राजा की मंडी आणि ईदगाह ही चार वेगवेगळी स्टेशनं आहेत, आणि रिक्षावाला विचारतो फक्त 'स्टेशन?'